‘बांधा, मोजा, शिका’ आणि पोलादी साचा : यंत्रवस्तूंच्या नवउद्योगाच्या शिकवणुकीची चिकित्सा

सारांश

अभियांत्रिकी महाविद्यालयांतून उद्योजकतेचे जे शिक्षण दिले जाते, त्यावर एरिक रीस यांच्या ‘द लीन स्टार्टअप’ (२०११) या ग्रंथाचा मोठा प्रभाव आहे. या ग्रंथाने ‘शिकणे’ हा नवउद्योगाचा केंद्रबिंदू मानला, ही त्याची मोलाची कामगिरी होय. तथापि ‘शिकणे’ म्हणजे प्रामुख्याने ग्राहकाची प्रतिक्रिया मोजणे, हा त्यातील अर्थ संगणकप्रणालीच्या व्यवसायातून घडलेला आहे. धातू, प्लॅस्टिक, बॅटरी आणि विद्युत्-मंडल यांतून साकारणाऱ्या वस्तूच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. प्रस्तुत लेखात या ग्रंथाच्या मांडणीची चिकित्सा केली आहे. कूलेस्ट, ज्युसेरो आणि पेबल या अलीकडच्या उद्योगांची उदाहरणे आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची कथा यांच्या आधारे यंत्रवस्तूच्या उद्योजकाला कोणत्या प्रकारचे ज्ञान कोणत्या क्रमाने मिळवावे लागते, याचा विचार केला आहे.

बीजशब्द : नवउद्योग, यंत्रवस्तू, साचा, नमुना, निर्मितीज्ञान, दुरुस्ती, अभियांत्रिकी शिक्षण.

१. प्रास्ताविक

१६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ या योजनेचा आरंभ झाला. २०१९ मध्ये तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्रालयाने विद्यार्थी व अध्यापक यांच्यासाठी राष्ट्रीय नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरण जाहीर केले. त्यानंतर महाविद्यालयांत उद्योजकता कक्ष, कल्पना-स्पर्धा आणि सादरीकरणे यांची रेलचेल झाली. ‘पिच’, ‘पिव्हट’, ‘एमव्हीपी’ हे शब्द यंत्र आणि विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी सहज रुळले. एखाद्या शास्त्राची परिभाषा त्या शास्त्राबाहेर इतक्या वेगाने पसरते, तेव्हा ती परिभाषा कोठून आली आणि येताना कोणती गृहीतके बरोबर घेऊन आली, याची तपासणी करणे हे समीक्षेचे काम ठरते.

येथे ‘यंत्रवस्तू’ हा शब्द ज्याला व्यवहारात ‘हार्डवेअर’ म्हणतात त्या अर्थाने योजला आहे. साच्यातून, ओतकामातून, पत्राकामातून किंवा जुळणीतून तयार होणारी, पेटीत घालून ग्राहकाच्या हाती द्यावी लागणारी आणि बिघडल्यास परत येणारी वस्तू म्हणजे यंत्रवस्तू. शेतीपंप, पाण्याचा मीटर, विद्युत दुचाकी, रुग्णालयातील मापनयंत्र अशा सर्व वस्तू तिच्या कक्षेत येतात. अशी वस्तू बाजारात आणू पाहणाऱ्या तरुण अभियंत्याला प्रचलित शिकवण काय देते आणि काय देत नाही, हा या लेखापुढील प्रश्न आहे. प्रश्न केवळ शब्दांचा नाही. चुकीच्या क्रमाने शिकलेल्या धड्याची किंमत येथे विद्यार्थ्याच्या घरच्यांनी साठविलेल्या पैशातून, आणि काही प्रसंगी वापरणाऱ्याच्या जिवावर, मोजली जाते.

२. ग्रंथाची मांडणी आणि तिचे बळ

रीस यांच्या ग्रंथामागे स्टीव्ह ब्लँक यांचा विचार उभा आहे. ब्लँक यांनी २००५ मध्ये ‘द फोर स्टेप्स टू द एपिफनी’ या पुस्तकात असे प्रतिपादन केले, की नवउद्योग म्हणजे मोठ्या कंपनीची लहान आवृत्ती नव्हे. त्याने वस्तूच्या विकासाइतकेच लक्ष ग्राहकाच्या शोधाकडे दिले पाहिजे. हा विचार पुढे नेऊन रीस यांनी ‘बांधा, मोजा, शिका’ असे एक चक्र मांडले. कल्पनेचे किमान रूप तयार करावे, ते खऱ्या ग्राहकापुढे ठेवावे, त्याचे वर्तन मोजावे, आणि मग आहे त्या मार्गाने जायचे की दिशा बदलायची हे ठरवावे. हे चक्र जितक्या लवकर फिरेल तितकी नासाडी कमी, हा त्यातील मुख्य सिद्धान्त आहे.

या मांडणीचे बळ नाकारण्याचे कारण नाही. तिच्यामागे लेखकाचा स्वतःचा अनुभव आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘आयएमव्हीयू’ या कंपनीत रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा महिने खपून जी प्रणाली लिहिली, ती ग्राहकांना नकोच होती. जे आधी विचारून कळले असते ते लिहून कळले, या अनुभवातून ग्रंथाचा जन्म झाला. आपल्या कल्पनेवर प्रेम करणाऱ्या अभियंत्याला बंद खोलीतून बाहेर काढून ग्राहकासमोर उभे करणे, ही या ग्रंथाची खरी देणगी होय. सर्वांत धोकादायक गृहीतक आधी तपासावे, लहान तुकड्यांत काम करावे, आकडे दिखाव्यासाठी गोळा करू नयेत, हे त्यातील उपदेश यंत्रवस्तूच्या उद्योजकालाही तितकेच उपयोगी आहेत. ग्रंथात यंत्रनिर्मितीची उदाहरणे अजिबात नाहीत असेही नाही. लहान तुकड्यांच्या चर्चेत ती येतात.

प्रश्न निर्माण होतो तो चक्राच्या पहिल्या शब्दापाशी. ‘बांधा’ ही क्रिया जणू स्वस्त आहे, ती पुनःपुन्हा करता येते आणि मोडून टाकता येते, असे या मांडणीत गृहीत धरले आहे. आयएमव्हीयूच्या त्या सहा महिन्यांत वाया गेले ते मनुष्यबळ आणि वेळ. ते नुकसान वेदनादायक खरे, परंतु लिहिलेल्या ओळी पुसायला कोणाला पैसे द्यावे लागले नाहीत, गोदाम भाड्याने घ्यावे लागले नाही आणि विकलेला माल परत मागवावा लागला नाही.

३. ‘लीन’ या शब्दाचा प्रवास

येथे एक मनोरंजक विसंगती दिसून येते. ‘लीन’ ही संज्ञा मुळात कारखान्यातील आहे. जॉन क्राफचिक यांनी ती १९८८ मध्ये मोटार-उत्पादनाच्या संदर्भात वापरली. वोमॅक, जोन्स आणि रूस यांच्या ‘द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड’ (१९९०) या ग्रंथाने ती जगभर नेली. या संज्ञेने ज्या पद्धतीचे वर्णन केले, ती तायची ओनो यांनी टोयोटाच्या कारखान्यात घडविलेली उत्पादनपद्धती होती. तिच्या मुळाशी साकिची टोयोडा यांचे माग आहेत. धागा तुटताच माग आपोआप थांबावा, म्हणजे सदोष कापड विणले जाऊ नये, ही टोयोडांची कल्पना पुढे मोटारीच्या जुळणीतही मुरली. दोष पुढे सरकू द्यायचा नाही, आणि बिघाड जेथे होतो तेथे स्वतः जाऊन पाहायचे, ही या परंपरेची दोन महत्त्वाची तत्त्वे होत.

रीस यांनी ही संज्ञा कारखान्यातून उचलून संगणकप्रणालीच्या व्यवसायात नेली. त्या प्रवासात तिचा एक भाग टिकला आणि एक भाग गळाला. नासाडी टाळणे टिकले. ‘दोष पुढे सरकू न देणे’ मात्र मागे पडले, कारण प्रणालीतील दोष ग्राहकाकडे गेल्यावरही सुधारता येतो. आता हीच संज्ञा महाविद्यालयांच्या मार्गाने परत यंत्रशाळेत येत आहे. मात्र परतताना ती आपल्या जन्मस्थानाची निम्मी शिस्त विसरून आली आहे. जो विचार लोखंडातून जन्मला, त्याला लोखंडाची ओळख पुन्हा करून देण्याची वेळ यावी, हा बौद्धिक इतिहासातील एक उपरोधच म्हणावा लागेल.

४. चुकीची किंमत आणि तिचे स्थान

संगणकप्रणालीत चूक दुरुस्त करण्याचा खर्च तुलनेने कमी असतो. यंत्रवस्तूत तो पायरीगणिक वाढत जातो. कागदावरील रेघ खोडरबराने पुसता येते. त्रिमितीय मुद्रणाने काढलेला नमुना टाकून देऊन दुसऱ्या दिवशी नवा काढता येतो. परंतु प्लॅस्टिकच्या भागासाठी पोलादी साचा एकदा कोरला, की प्रत्येक बदल हा टूलरूमचा हिशेब होतो. त्यापुढे जाऊन वस्तू विकली गेली, तर तीच चूक दर नगामागे मोजावी लागते.

हा फरक एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. एका वस्तूच्या सुट्या भागांचा आणि जुळणीचा खर्च १,००० रुपये आहे आणि तिच्या साच्यांवर १० लाख रुपये लागले आहेत, असे समजू. १,००० नग विकले गेले तर दर नगावर साच्याचा बोजा आणखी १,००० रुपये पडतो. १०,००० नग विकले गेले तर तो १०० रुपयांवर येतो. म्हणजे ‘आधी थोडे बनवून पाहू’ हा उपदेश येथे सरळ लागू होत नाही. थोडे बनवले की वस्तू महाग पडते, आणि महाग वस्तूवरून ग्राहकाची खरी प्रतिक्रिया कळत नाही. शिवाय कच्चा माल घेण्यापासून ग्राहकाचे पैसे हाती येईपर्यंत जे खेळते भांडवल अडकून पडते, ते या चक्राच्या आकृतीत कोठेच दिसत नाही.

नमुन्याविषयीही असेच म्हणता येईल. नमुना चालला म्हणजे वस्तू झाली, हा यंत्रवस्तूच्या नवशिक्या उद्योजकाचा सर्वसाधारण भ्रम आहे. त्रिमितीय मुद्रणाने काढलेल्या डब्याच्या भिंती सरळ उभ्या असू शकतात. साच्यातून मात्र भाग सुटून यावा म्हणून त्याच भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो. भिंत कोठे जाड, कोठे पातळ असेल तर गार होताना जाड भागावर खळगा पडतो. अनुभवी टूलरूममध्ये ज्या मापाविषयी शंका असते त्या जागी पोलाद मुद्दाम जास्त ठेवतात. कारण साच्यातील पोलाद पुढे आणखी कोरता येते, कोरलेले परत भरणे कठीण असते. हे ज्ञान ग्राहकाच्या मुलाखतीतून मिळत नाही आणि कोणत्याही मोजपट्टीवर दिसत नाही. ते साचा कोरणाऱ्या कारागिराच्या शेजारी उभे राहून मिळते.

म्हणूनच जाणत्या उद्योगांत नमुना आणि विक्री यांच्या मध्ये तीन पायऱ्या ठेवलेल्या असतात. पहिलीत वस्तूचे कार्य नीट होते का हे तपासतात. दुसरीत अंतिम आराखडा ऊन, धूळ, कंप, पडणे-आपटणे यांत टिकतो का हे पाहतात. तिसरीत खऱ्या साच्यांनी, खऱ्या कामगारांकडून, खऱ्या वेगाने एक लहान तुकडी काढून उत्पादनाचीच परीक्षा घेतात. या तिन्ही पायऱ्या म्हणजे शिकण्याचीच रूपे आहेत. मात्र यांत शिकविणारा ग्राहक नसतो. पदार्थ, यंत्र आणि कामगार हे येथील गुरू होत.

५. मागणीचा पुरावा आणि निर्मितीचे ज्ञान

अमेरिकेतील अलीकडची तीन उदाहरणे या संदर्भात बोलकी आहेत. लोकनिधी उभारणाऱ्या ‘किकस्टार्टर’ या संकेतस्थळावर २०१४ मध्ये ‘कूलेस्ट कूलर’ नावाच्या शीतपेटीसाठी ६२,६४२ लोकांनी मिळून १ कोटी ३२ लाख डॉलरहून अधिक रक्कम आगाऊ दिली. ग्राहकाची मागणी सिद्ध करण्याचा याहून भक्कम पुरावा कोणता असू शकेल? रीस यांच्या कसोटीवर हा प्रयोग पूर्ण यशस्वी ठरला असता. परंतु आगाऊ घेतलेल्या किमतीत ती वस्तू बनवून पोहोचविणेच शक्य झाले नाही. आलेल्या पैशांवर आधीची मागणी पुरी करण्याची कसरत काही वर्षे चालली. डिसेंबर २०१९ मध्ये कंपनी बंद झाली, तेव्हा सुमारे २०,००० जणांना शीतपेटी मिळालेली नव्हती. अखेरच्या निवेदनात कंपनीने वाढलेल्या आयातशुल्काकडे बोट दाखविले. तथापि मूळ उणीव आधीची होती. ग्राहक काय देईल हे कळले होते, वस्तूला काय लागेल हे कळले नव्हते.

ज्युसेरोची कथा नेमकी उलट आहे. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने सुमारे १२ कोटी डॉलर भांडवल उभारले आणि २०१६ मध्ये ६९९ डॉलर किमतीचे रस काढण्याचे यंत्र बाजारात आणले. यंत्र उघडून पाहणाऱ्या अभियंत्यांनी त्यातील भक्कम, खास कोरून घेतलेल्या भागांची वाखाणणी केली आणि त्याच श्वासात, इतक्या ताकदीची येथे गरजच काय, असा प्रश्नही केला. एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्गच्या वार्ताहरांनी दाखवून दिले, की कंपनीची रसाची पिशवी नुसत्या हातांनी पिळली तरी जवळजवळ तितकाच रस निघतो. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने काम थांबविले. येथे पदार्थाचे ज्ञान होते, गरजेचे नव्हते. या प्रकरणात रीस यांचाच उपदेश उपयोगी पडला असता, हे मान्य केले पाहिजे.

पेबल या मनगटी घड्याळाचे उदाहरण या दोहोंच्या मध्ये बसते. २०१२ मध्ये एरिक मिगिकोव्हस्की यांनी एक लाख डॉलरचे उद्दिष्ट ठेवून किकस्टार्टरवर आवाहन केले आणि ६८,९२९ लोकांनी १ कोटी २ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. वचन सप्टेंबर २०१२ चे होते, घड्याळे रवाना होऊ लागली ती जानेवारी २०१३ मध्ये. उशीर झाला, पण घड्याळे पोहोचली. हा फरक नशिबाचा म्हणता येणार नाही. पेबलच्या आधी याच संस्थापकाने ‘इनपल्स’ नावाचे घड्याळ लहान संख्येने बनवून विकले होते. एका रात्रीतील म्हणून जे यश वर्णिले गेले, त्यामागे आधीच्या अपुऱ्या वस्तूने दिलेले काही वर्षांचे शिक्षण होते. अर्थात तेवढ्याने पुढचा मार्ग निष्कंटक झाला नाही. मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धेत डिसेंबर २०१६ मध्ये पेबलची मालमत्ता फिटबिटकडे गेली.

तिन्ही उदाहरणे एकत्र पाहता असे दिसते, की यंत्रवस्तूच्या उद्योजकाला किमान तीन वेगळी ज्ञाने लागतात : गरजेचे ज्ञान, निर्मितीचे ज्ञान आणि विक्रीनंतरच्या आयुष्याचे, म्हणजे दुरुस्तीचे ज्ञान. प्रचलित शिकवण पहिल्याला ‘शिकणे’ म्हणते आणि उरलेल्या दोहोंना ‘अंमलबजावणी’ म्हणून खालच्या पायरीवर बसविते.

६. नांगराच्या कथेचे पुनर्वाचन

हा प्रश्न केवळ परदेशी उदाहरणांपुरता नाही. मराठी मुलखातील उद्योगाच्या इतिहासात लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचा लोखंडी नांगर हे यंत्रवस्तूच्या नवउद्योगाचे आद्य उदाहरण म्हणावे लागेल. चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेलेल्या लक्ष्मणरावांना रंगांधळेपणामुळे तो मार्ग सोडावा लागला. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन करू लागले. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान सुरू झाले. कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ मधील लोखंडी नांगर ही पुढची पावले होत. नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलनजीकची जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

या कथेतील सर्वांत परिचित प्रसंग नांगराच्या विक्रीचा आहे. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे नेहमी सांगितले जाते. उद्योजकाची चिकाटी आणि शेतकऱ्याची अंधश्रद्धा, अशा दोन टोकांत ही कथा बसविली जाते. उद्योजकतेच्या व्याख्यानांतून ती याच रूपात ऐकू येते.

या वाचनाचा फेरविचार आवश्यक आहे. लाकडी नांगर गावचा सुतार घडवीत असे आणि त्याचा फाळ गावचा लोहार भट्टीत घालून शेवटत असे. बलुत्याच्या व्यवस्थेत या दुरुस्तीसाठी रोख पैसा मोजावा लागत नव्हता. ओतीव लोखंडाचा भाग मात्र लोहाराच्या घणाखाली फुटतो. तो मोडला तर नवा आणावा लागतो, तोही रोखीने आणि दूरच्या कारखान्यातून. ऐन पेरणीच्या दिवसांत नांगर मोडून पडला तर काय, हा प्रश्न शेतकऱ्याच्या मनात नसेल असे मानणे कठीण आहे. ‘जमीन विषारी होते’ या बोलण्यामागे अनोळखी वस्तूविषयीचा एक व्यवहारी संशयही दडलेला असावा, असे म्हणण्यास वाव आहे. तसे असेल तर तो नकार म्हणजे अडाणीपणा नव्हता. त्या नकारात वस्तूच्या आराखड्याविषयीची एक मागणी होती : सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि ते बदलता आले पाहिजेत.

या दृष्टीने पाहता किर्लोस्करांच्या कथेतील शिकण्याजोगा भाग चिकाटीपेक्षा क्रमात आहे. सायकलीच्या दुकानापासून नांगरापर्यंत १५ वर्षांचे अंतर आहे. या काळात आधी दुसऱ्याने बनविलेले यंत्र विकले गेले, ते चालवायला ग्राहकाला शिकविले गेले. मग एक साधे यंत्र आले आणि त्यानंतर नांगर. सायकल विकणारा माणूस तिची मोडतोड रोज पाहतो. यंत्र कोठे झिजते आणि ग्राहक ते कसे वापरतो, हे त्याला स्वतःचे यंत्र काढण्याआधीच कळते. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले, तेव्हा ग्राहकाशी बोलत राहण्याचे एक साधनही कारखान्याच्या हाती आले. वस्तू विकली म्हणजे संबंध संपला, असे या उद्योगाने मानले नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दोन वर्षे नकार सोसूनही टिकलेल्या एका कारखान्याची कथा आपल्यापर्यंत पोहोचते. तितकीच चिकाटी दाखवून बुडालेल्यांची पोहोचत नाही. म्हणून ‘हट्ट सोडू नका’ हा निष्कर्ष या कथेतून काढणे अशास्त्रीय ठरेल. त्याचप्रमाणे दोन वर्षांची शून्य विक्री पाहून ‘दिशा बदला’ असे सांगणारी मोजपट्टीही अपुरीच ठरली असती. आकडा नकार सांगतो, नकाराचे कारण सांगत नाही. ते कारण शोधण्यासाठी शेताच्या बांधावर जावे लागते. टोयोटाच्या परंपरेतील ‘जागेवर जाऊन पाहणे’ ते हेच.

७. अभियांत्रिकी शिक्षणापुढील प्रश्न

‘लवकर चुका, स्वस्तात चुका’ हे नवउद्योगाच्या शिकवणुकीतील आवडते वचन आहे. यंत्रवस्तूच्या क्षेत्रात त्याला एक मर्यादा आहे आणि ती नैतिक आहे. २०२२ मध्ये देशात विद्युत दुचाकींना आगी लागण्याच्या घटना घडल्या, त्यांत जीवितहानीही झाली. त्यानंतर केंद्र शासनाने तज्ज्ञ समिती नेमली आणि बॅटरीच्या सुरक्षिततेसाठी ‘एआयएस १५६’ हे मानक अधिक कडक करण्यात आले. ज्या वस्तूत ऊर्जा साठविलेली आहे, तिच्या बाबतीत ग्राहकाच्या घरात शिकण्याचा अधिकार उद्योजकाला नाही. ते शिक्षण प्रयोगशाळेतच पुरे झाले पाहिजे. प्रमाणनाकडे सरकारी अडथळा म्हणून पाहण्याची वृत्ती सादरीकरणांतून नेहमी आढळते. वास्तविक मानक म्हणजे इतरांच्या चुकांतून समाजाने विकत घेतलेले शिक्षण होय. ते नव्या उद्योजकाला तयार स्वरूपात मिळते.

या क्षेत्रात जे टिकले त्यांचा कालक्रम पाहण्यासारखा आहे. मद्रास आयआयटीच्या तरुण मेहता आणि स्वप्निल जैन यांनी २०१३ मध्ये एथर एनर्जी स्थापन केली. त्यांचा आरंभीचा विचार बॅटरीसंच बनविण्याचा होता, पुढे तो संपूर्ण स्कूटर बनविण्याकडे वळला. म्हणजे दिशाबदल झाला, पण तो साचे कोरण्यापूर्वी. स्कूटर २०१६ मध्ये लोकांपुढे आली आणि ग्राहकाच्या हाती पोहोचली ती २०१८ मध्ये. पुण्याच्या टॉर्क मोटर्सने ‘टी सिक्स एक्स’ ही विद्युत मोटारसायकल २०१६ मध्ये दाखविली. तिच्यातून विकसित झालेली ‘क्रेटॉस’ बाजारात आली ती २०२२ मध्ये. दाखविणे आणि विकणे यांतील ही दोन ते सहा वर्षे कोणत्याही स्पर्धेच्या वेळापत्रकात बसत नाहीत. बहुतेक महाविद्यालयांत प्रकल्पाला एक वर्ष मिळते, सादरीकरणाला काही मिनिटे. परिणामी जे दाखविता येते तेच शिकविले जाते.

वस्तुतः महाराष्ट्रात वेगळ्या शिक्षणाची परंपरा आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. प्रत्यक्ष काम करता करता शिकणे आणि गावाच्या गरजेतून कामाचा विषय निवडणे, ही तेथील पद्धती. अमेरिकेबाहेरील अगदी पहिल्या ‘फॅब लॅब’पैकी एक २००२ मध्ये तेथे सुरू झाली, हा योगायोग नव्हे. नव्या साधनांना जुनी शिस्त तेथे आधीच तयार होती. त्या तुलनेत शहरी महाविद्यालयांत त्रिमितीय मुद्रणयंत्र काचेच्या खोलीत असते आणि लेथ, वेल्डिंग, ओतकाम यांची कार्यशाळा पहिल्या वर्षाच्या गुणांपुरती उरते, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. उद्योजकता कक्ष आणि कार्यशाळा एकाच आवारात असूनही त्यांची गाठ पडत नाही.

या चिकित्सेतून काही सूचना संभवतात. पहिली, वस्तूच्या प्रत्येक भागाची किंमत, तो पुरविणारा आणि पुरवठ्याचा कालावधी यांचा तक्ता हा सादरीकरणाचा अनिवार्य भाग असावा. दुसरी, विद्यार्थ्याने आपल्या वस्तूच्या जातीची किमान दहा जुनी, बिघडलेली उपकरणे उघडून पाहावीत आणि प्रत्येक कोठे मोडले याची नोंद करावी. दुरुस्तीच्या दुकानातील काही आठवडे हे बाजारसंशोधनच होय. तिसरी, टूलरूम, फाउंड्री आणि जुळणीच्या लहान कारखान्यांतील अनुभवी कारागिरांना मार्गदर्शक म्हणून मानधनासह बोलवावे. भोसरी, चिंचवड, कोल्हापूर, सातपूर, वाळूज या औद्योगिक पट्ट्यांच्या सान्निध्यातील महाविद्यालयांना हे सहज शक्य आहे. चौथी, ग्राहकाची कसोटी साचा कोरण्यापूर्वी, हाताने बनविलेल्या नगांवर आणि प्रामाणिक किमतीला घ्यावी. या शेवटच्या सूचनेत रीस यांचा विचार टाकून दिलेला नाही. त्याला त्याच्या योग्य जागी बसविले आहे.

८. निष्कर्ष

‘द लीन स्टार्टअप’ने उद्योजकाला प्रश्न विचारायला शिकविले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र त्याने ज्या एका गुरूकडे बोट दाखविले, तो गुरू यंत्रवस्तूच्या उद्योजकाला पुरत नाही. ग्राहक गरज शिकवितो. वस्तू कशी घडते हे पदार्थ आणि कारागीर शिकवितात, आणि ती कशी जगते हे दुरुस्तीला आलेले नग शिकवितात. या तिघांकडून कोणत्या क्रमाने शिकावे, हे चुकीच्या किमतीवरून ठरते : जे स्वस्तात शिकता येते ते आधी, पोलादात कोरायचे ते शेवटी, आणि ज्यात माणसाला इजा होऊ शकते ते ग्राहकाकडे जाण्यापूर्वीच.

कूलेस्टच्या वीस हजार ग्राहकांनी जी किंमत मोजली, ती मागणीच्या अभावाची नव्हती. बेळगावच्या नांगराला जो नकार मिळाला, तोही निव्वळ अज्ञानाचा होता असे म्हणता येत नाही. दोन्ही ठिकाणी वस्तूला काही सांगायचे होते आणि ते ऐकण्यासाठी वेळ लागणार होता. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी विद्यार्थ्याला बोलायला पुष्कळ शिकविले आहे. आता त्याला कार्यशाळेत उभे राहून ऐकायला शिकविणे, ही उद्योजकतेच्या अभ्यासक्रमापुढील खरी जबाबदारी आहे, असे या विवेचनावरून म्हणता येईल.